उकीर

दुपारी झाडांना पाणी घालायला पाइप ओढत नेला, तर हिरवळीच्या ऐन मधोमध उकीर. घुशीने उकरून वर टाकलेल्या मातीचा ढीग, ताजा, ओलसर, काळाभोर. घूस रात्रभर खोदते आणि उजाडायच्या आत भोकाच्या तोंडाशी मातीचा बोळा कोंबून आत जाते. म्हणजे आपण वर पाइप धरून चरफडत असताना बाई खाली खुशाल झोपलेल्या असतात.

माती मात्र काय सुरेख असते! चाळणीतून काढल्यासारखी भुसभुशीत, खड्याचा पत्ता नाही. मी ती गुपचूप कुंड्यांत भरते. घरात हे कुणाला आवडत नाही, पण विकतची माती मला कधीच एवढी चांगली मिळालेली नाही.

लहानपणी आमच्या न्हाणीघरामागे घुशीचं बीळ होतं. काकांनी ठरवलं, पाणी ओतून तिला बाहेर काढायची. आम्ही पोरं प्रत्येक भोकापाशी एकेक काठी घेऊन उभी. बादल्यांवर बादल्या ओतल्या, पाणी कुठे जात होतं देव जाणे. मग ज्या भोकावर कुणीच उभं नव्हतं, तिथून ती निघाली. मांजराएवढी वाटली. पाठीवरचे राठ केस ताठ उभे, पिवळट दात बाहेर, आणि डुकरासारखी घुरघुर. काठ्या तिथेच पडल्या. काका धुण्याच्या दगडावर चढले. आमचं मांजर तर दोन दिवस घरात फिरकलं नाही. तसाही घुशीशी तंटा करणारा बोका विरळाच.

युरोपातल्या हिरवळी उकरणारा मोल त्यामानाने गरीब प्राणी. त्याला मुळं-कंद नकोत, गांडुळं हवीत. पण इतिहासात नाव त्याचंच. इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम १७०२ साली घोड्यावरून पडला आणि त्या दुखण्यातच गेला. घोडा मोलच्या उकिराला अडखळला, असं सांगतात. त्यानंतर राजाचे विरोधक ‘काळ्या मखमलीतल्या छोट्या गृहस्था’च्या नावाने पेले उंचावत. आमच्या घुशींनी आजवर एवढा मोठा माणूस पाडलेला नाही. परवा कुरिअरवाला तेवढा धडपडला.

तर माळीकाका. त्यांची पद्धत ठरलेली आहे. संध्याकाळी सगळी भोकं मातीने बुजवायची आणि सकाळी जी उघडी दिसतील तीच वस्तीची समजायची. ते मला पटलं. पण पुढचं ऐकून पाणी घालायचं राहूनच गेलं. विष लगेच ठेवायचं नाही म्हणे. आधी तीन-चार दिवस नुसती भरड, तेल लावून, बिळाच्या तोंडाशी ठेवायची. चव लागली, भीड चेपली, की मग त्याच भरडीत झिंक फॉस्फाइड. एकदा थोडंसं खाऊन घूस वाचली, तर पुन्हा त्या भरडीला तोंड लावत नाही, म्हणून ही सगळी सबुरी. रीतसर पाहुणचार करायचा आणि नंतर! उंदीर-घुशींबद्दल मला काडीचं प्रेम नाही. मुळं कुरतडून त्यांनी माझा गुलाब घालवलाय. तरीही त्या पहिल्या तीन दिवसांचा विचार मला सोसेना.

माळीकाका हसले आणि पुडी हातात ठेवली. काळपट पूड, लसणासारखा उग्र वास. पोटातल्या आम्लाशी गाठ पडली की तिचा विषारी वायू होतो, आणि त्यावर नेमका असा उतारा नाही. त्याच हिरवळीवर शेजारचं बाळ रांगतं. हाताला लागेल ते तोंडात घालायचं त्याचं वय आहे.

पुडी परत केली. पिंजरा आणा म्हटलं. एवढ्या घुशीला पुरेल असा पिंजरा कुठे मिळतो, ते माळीकाकांनाही ठाऊक नाही.