बॅटरी उतरलेल्या गाडीचे दार उघडताना

गाडीची बॅटरी पूर्ण उतरली की रिमोटचे बटण कितीही दाबले तरी दार उघडत नाही, आणि हल्लीच्या अनेक गाड्यांच्या दाराला चावी घालायची जागाच दिसत नसल्यामुळे मालक स्वतःच्याच गाडीबाहेर ताटकळत उभा राहतो. पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या तळघरातील पार्किंगमध्ये मे महिन्याच्या सुट्या संपल्या की हे दृश्य हमखास दिसते. भोवती जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी काच फोडण्याचा आणि कोणीतरी दारात लोखंडी पट्टी घालणाऱ्या माणसाला बोलावण्याचा सल्ला देतो. माझ्या मते या दोन्हींची गरज क्वचितच पडते, कारण चालकाच्या दाराचे कुलूप आजही बहुतेक गाड्यांत चावीनेच उघडते. फक्त ती चावी आणि ते कुलूप दोन्ही झाकून ठेवलेली असतात.

प्रथम नेमकी कोणती बॅटरी गेली आहे हे पाहावे. रिमोटमध्ये बहुधा 3 व्होल्टचा नाण्याएवढा सेल असतो आणि तो संपला तरीही दार उघडत नाही. डॅशबोर्डवर चोरीच्या इशाऱ्याचा लहान लाल दिवा लुकलुकत असेल, तर गाडीच्या बॅटरीत थोडाफार जीव आहे आणि दोष रिमोटचा असण्याची शक्यता अधिक. तो दिवा नेहमी लुकलुकत असून आज विझलेला असेल, तर गाडीची 12 व्होल्टची बॅटरीच बसली आहे असे समजावे.

बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या रिमोटच्या कडेला एक बारीक खटका असतो. तो दाबून किंवा सरकवून ओढले की आतून धातूची चपटी चावी बाहेर येते. आता कुलूप शोधायचे. काही गाड्यांत ते चालकाच्या हँडलशेजारी उघडेच असते, तर काहींत हँडलच्या टोकाला गाडीच्याच रंगाची एक टोपी बसवलेली असते आणि त्या टोपीच्या खालच्या कडेला नखाएवढी खाच असते. हँडल बाहेर ओढून धरावे, चावीचे टोक त्या खाचेत घालून टोपी हलकेच उचलावी, म्हणजे मागे कुलूप दिसते. टोपी निघण्याची दिशा प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळी असते, म्हणून जोर लावण्याआधी गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतील चित्र पाहणे बरे. ती पुस्तिका बहुधा गाडीच्याच कप्प्यात अडकलेली असते, ही यातली गंमत. पण उत्पादकांच्या संकेतस्थळांवर ती सहसा मिळते.

वर्षानुवर्षे न वापरलेले कुलूप, त्यातून कोकणासारखी दमट हवा असली, तर चावी आत जाऊनही फिरत नाही. अशा वेळी पक्कड लावून ती फिरवू नये, कारण ही चपटी चावी सहज पिळवटते. गंज सोडवणारा स्प्रे कुलपात मारून काही मिनिटे थांबावे आणि चावी आतबाहेर करत हळूहळू फिरवावी.

चावीने एकच दार उघडते, कारण इतर दारांची कुलपे सोडवणाऱ्या मोटारींना वीज मिळत नाही. मात्र आत बसून दुसऱ्या दाराची आतली कडी ओढली की बहुतेक गाड्यांत तेही उघडते. मागच्या दाराला मुलांसाठीचे कुलूप लावलेले असेल तर तेवढे उघडत नाही. डिकीचा खटका विजेवर चालणारा असेल तर ती बंदच राहते. जंपर केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेण्याच्या तारा, डिकीतच ठेवणाऱ्यांना हे त्या दिवशी कळते. मग मागची सीट पाडून सामान काढावे लागते.

बॉनेटचा दांडा मात्र साध्या तारेने जोडलेला असल्यामुळे चालकाच्या पायाजवळून तो नेहमीसारखा ओढता येतो. यानंतर केबल जोडण्याचा क्रम पाळावा. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला आणि दुसरे मदतीच्या गाडीच्या प्लसला लावावे. काळ्या केबलचे एक टोक मदतीच्या गाडीच्या मायनसला आणि शेवटचे टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून ती बॅटरीजवळ नको. या सगळ्या वेळात चावी खिशातच ठेवावी, कारण वीज परत येताच काही गाड्या आपोआप कुलूप लावून घेतात किंवा भोंगा वाजवू लागतात. भोंगा रिमोटच्या बटणाने थांबतो.

धक्का मारण्याचा जुना उपाय इथे उपयोगी पडत नाही. ऑटोमॅटिक गाडीत तो शक्यच नाही, आणि मॅन्युअल गाडीतही बॅटरी ठार बसलेली असेल तर इंधनाचा पंप आणि इंजिनाचा संगणक यांना वीज कुठून मिळणार? इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांनीही निर्धास्त राहू नये. मोठी बॅटरी भरलेली असली तरी दारे आणि यंत्रणा जागी करण्याचे काम सहसा वेगळी 12 व्होल्टची बॅटरीच करते, आणि ती बसली की ही गाडीही तितकीच मुकी होते.

मुळात उभी गाडी बॅटरी कशी खाते याचा हिशेब साधा आहे. कुलूप लावल्यानंतरही इशारा यंत्रणा आणि रिमोटचा रिसीव्हर थोडी वीज घेत राहतात. ही ओढ 50 मिलिअँपिअर धरली तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास होतात, आणि लहान गाडीतली 35 अँपिअर-तासांची बॅटरी पंधरवड्यात निम्मी रिकामी होते. तिला वयाने आधीच पोखरलेले असेल तर त्याहून लवकर. 2020 च्या मार्चअखेरीस टाळेबंदी लागल्यावर ठिकठिकाणी गाड्या बसल्या त्या यामुळेच. डॅशकॅमची तार थेट बॅटरीला जोडली असेल तर हा काळ आणखी आखडतो. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर 10 नंबरच्या पान्याने मायनसची तार सोडून ठेवावी, पण त्याआधी चालकाच्या दारात चावी फिरते की नाही हे पाहून घ्यावे, कारण तार सोडून बॉनेट लावले की परत आत शिरण्याचा मार्ग तोच आहे.