अखेर 'मेमरीज ऑफ मर्डर' बघितला

'जेवताना लावू नकोस' असं मैत्रिणीने बजावलं होतं. ऐकलं, तरी रात्री झोपेचं खोबरं झालंच.

दक्षिण कोरियातल्या ह्वासाँगमध्ये 1986 ते 1991 दरम्यान दहा जणींचे खून झाले. बाँग जून-होने त्यावर 2003 मध्ये हा सिनेमा केला, तेव्हा खुनी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. रक्तापेक्षा अंगावर आले ते पोलिस. चिखलात बुटाचा एकुलता एक ठसा, आणि त्यावरून ट्रॅक्टर खुशाल निघून जातो! संशयित म्हणून उचललेल्या मतिमंद पोराला आधी बेदम मारतात, मग त्याच्याच शेजारी बसून नूडल्स खात टीव्हीवर पोलिसांची मालिका बघतात. मी हसले तिथे. मग स्वतःचाच राग आला.

नंतर गूगल केलं आणि खरा धक्का तिथे बसला. 2019 मध्ये डीएनएवरून खुनी सापडला, तो मेहुणीच्या खुनासाठी 1994 पासून तुरुंगातच होता. या खुनांसाठी खटला भरायची मुदत मात्र 2006 मध्येच संपलेली. आणि आठव्या खुनासाठी पकडलेल्या भलत्याच माणसाने मारझोडीतून दिलेल्या कबुलीपायी वीसेक वर्षं आत काढली. 2020 च्या डिसेंबरमध्ये तो निर्दोष सुटला.

शेवटी पोलिसाच्या भूमिकेतला सोंग कांग-हो थेट कॅमेऱ्यात बघतो, कारण खुनी कधीतरी हा सिनेमा बघेल असं दिग्दर्शकाला वाटत होतं. त्याने बघितला, तुरुंगात. कोर्टात म्हणाला, काही वाटलं नाही.

आज ऑफिसात डोळे चुरचुरतायत. कुणीतरी एखादा बिनडोक विनोदी सिनेमा सुचवा रे.