उलटं वादळ

रद्दीवाला यायचा होता म्हणून दुपारी कपाटामागचं सगळं बाहेर काढलं, तर जुन्या कॅलेंडरच्या गुंडाळीत माझं वादळ निघालं. वहीच्या पानाएवढा लिनोचा, म्हणजे कोरून ठसा छापायच्या मऊ लिनोलियमचा तुकडा, त्यावर सुकून बसलेली निळी शाई आणि मधोमध भोवरा. बोट फिरवलं तर खाचा अजून लागतात.

हे निसर्ग वादळ. 3 जून 2020 ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं ते. पुढे कधीतरी लिनोकट शिकायची हौस आली. बरोबरच्यांनी मांजरं कोरली, जास्वंद कोरली. मी वादळाचं उपग्रहचित्र समोर ठेवून बसले. खोड जुनी आहे. लहानपणी बातम्यांच्या शेवटी इन्सॅटने टिपलेले ढग दाखवायचे, आणि आजोबा तेवढ्यासाठी अख्ख्या बातम्या ऐकायचे. "नुसता कापूस पिंजलाय," म्हणाले की आज पाऊस नाही. आजी मुकाट्याने वाळवण आत घ्यायची.

लिनोत कोरलेली जागा पांढरी राहते, न कोरलेलीला शाई लागते. ढग हवेत तर ढगांचीच जागा खणायची. मला हे भलतंच कठीण वाटलं होतं, तेवढ्यात जपानी चित्रकार हिरोशिगेचं 1857 सालचं लाकडी ठशाचं चित्र आठवलं. एडोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या पुलावर अवचित सर आलीय, माणसं टोप्या-छत्र्यांखाली पाठी वाकवून पळताहेत. त्यातला पाऊस काळ्या रेघांचा आहे. म्हणजे कोरणाऱ्याने केसाएवढ्या रेघा उभ्या ठेवून भोवतीचं लाकूड काढून टाकलं. पाऊस तेवढा ठेवला. तेही दोन फळ्यांवर, जराशा वेगळ्या तिरप्यात, म्हणून ती सर दाट वाटते. नाव आपण हिरोशिगेचं घेतो. मी मात्र तेव्हापासून त्या कारागिराच्या मनगटाची काळजी करत असते.

तर, रोलर फिरवला, कागद ठेवला, पळीच्या पाठीने घासला, उचलला. सुरेख! दोन दिवस मिरवलं. तिसऱ्या दिवशी शेजारचा नववीतला मुलगा म्हणाला, "काकू, हे दक्षिण गोलार्धातलं आहे का?" आपल्याकडची चक्रीवादळं घड्याळाच्या उलट फिरतात. माझं घड्याळाबरोबर चाललं होतं. ठशात डावं-उजवं होतं, हे मी सपशेल विसरले होते.

विसरण्याचीही ही पहिली खेप नव्हे. तिसरीत भेंडीच्या चांदण्या छापून झाल्यावर बाईंनी बटाट्यावर नावाचं अक्षर कोरायला सांगितलं होतं. माझा 'र' कागदावर पाठ फिरवून उभा राहिला. "आरशात बघून कोरावं गं," बाई म्हणाल्या. बटाटा घरी नेला, आईने निळ्या रंगासकट सोलून भाजीत घातला.

वेधशाळेत ऊन मोजायचा काचेचा गोळा असतो. त्यातून किरण एकवटतात आणि मागच्या पट्टीवर ऊन स्वतःची जळकी रेघ ओढत जातं. ढग आला की रेघ तुटते. त्या पट्टीवरही सकाळ पश्चिमेच्या टोकाला उमटते. सूर्याचंही उलटंच छापून येतं म्हटल्यावर मी स्वतःला माफ करून टाकलं आणि चित्र बैठकीच्या खोलीत लावलं.

मग श्रीवर्धनची आत्या आली. वादळात तिची सुपारीची वाडी आडवी झाली होती. नवी लावली, पण सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. चहाचा कप हातात धरून ती बराच वेळ चित्रासमोर उभी होती. भोवरा कुठल्या बाजूने फिरतोय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

"समुद्र चुकलाय गं तुझा," ती म्हणाली. "जमीन डावीकडे आणि पाणी उजवीकडे. आपल्याकडे सूर्य बुडतो की समुद्रात."

मी म्हटलं, "उलटं छापलं गेलंय. नव्याने कोरते, सरळ करते."

कप खाली ठेवत ती म्हणाली, "नको. राहू दे तिकडेच."

रद्दीवाल्याने बाकी सगळं नेलं. लिनोचा तुकडा परत कॅलेंडरात गुंडाळून कपाटामागे ठेवला.