मेजर लीगसाठी तो तयार आहे का, हे ठरवताना : माझा अनुभव

अमेरिकेतील मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतील एका संघाच्या खेळाडू-विकास विभागात मी विश्लेषक म्हणून काम करतो. २०२४ च्या मोसमात एका २१ वर्षांच्या सेकंड बेसमनची (दुसऱ्या बेसजवळ क्षेत्ररक्षण करणाऱ्या खेळाडूची) फाइल माझ्याकडे आली आणि तो मेजर लीगसाठी तयार झाला आहे की नाही, याबद्दल दर पंधरा दिवसांनी लेखी मत देण्याची जबाबदारी माझ्यावर पडली. डॉमिनिकन रिपब्लिकमधून सोळाव्या वर्षी करारबद्ध झालेला हा मुलगा मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरांवरच्या स्पर्धांच्या, पायऱ्या चढत ट्रिपल-एपर्यंत, म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंत, पोहोचला होता. आदल्या नोव्हेंबरमध्येच त्याला संघाच्या ४० जणांच्या यादीत घ्यावे लागले होते, कारण तसे केले नसते तर रूल-५ ड्राफ्टमध्ये, म्हणजे या यादीबाहेरचे खेळाडू इतर संघांना घेता येतात त्या वार्षिक निवडीत, दुसऱ्या संघाने त्याला उचलले असते. या यादीतील खेळाडूला साधारणपणे तीनच मोसम मायनर लीगमध्ये पाठवता येते. त्यातला पहिला मोसम सुरू झाला होता.

एप्रिलमधले त्याचे आकडे पाहून कोणीही त्याला लगेच वर बोलावले असते. परंतु आमचा ट्रिपल-ए संघ पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळतो आणि त्या लीगमधील अल्बुकर्कीचे मैदान समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे. रिनो आणि सॉल्ट लेकचीही उंची बरीच आहे. तेथील विरळ हवेत मारलेला चेंडू जास्त दूर जातो आणि पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) स्लायडर, म्हणजे आडवा वळणारा चेंडू, मात्र कमी वळतो, म्हणजे बॅटरचा दोन्हीकडून फायदा होतो. शिवाय त्या वर्षी ट्रिपल-एमध्ये चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे मारण्याजोग्या चौकटीत, होता का हे ठरवण्यासाठी यंत्राचा वापर चालू होता, तर मेजर लीगमध्ये निर्णय सर्वस्वी पंचांच्या डोळ्यांवर होता, त्यामुळे त्याला मिळालेले वॉकही (चार चेंडू चौकटीबाहेर पडल्यावर मिळणारा फुकटचा पहिला बेस) जसेच्या तसे धरता येत नव्हते. म्हणून मी सरासरी आणि होम रन बाजूला ठेवले आणि त्याला टाकलेला प्रत्येक चेंडू व्हिडिओवर पाहायला घेतला.

त्याच महिन्यात बाल्टिमोर संघाने जॅक्सन हॉलिडेला वर आणले. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या या २० वर्षांच्या खेळाडूला १० सामन्यांतील ३४ ॲट-बॅटमध्ये (फलंदाजीच्या संधींत) फक्त २ हिट (बेस गाठून देणारे फटके) मिळाले, तो १८ वेळा स्ट्राइकआउट झाला (तीन स्ट्राइकवर बाद) आणि त्याला परत खाली पाठवण्यात आले. आमच्या बैठकीत त्यानंतर प्रत्येक वाक्य जपून बोलले जाऊ लागले. मला मात्र नावाजलेला बॅटर माइक ट्राउट याचे उदाहरण आठवत होते. २०११ मध्ये, १९ व्या वर्षी, तोही ४० सामन्यांत .२२० च्या सरासरीवर (दर शंभर ॲट-बॅटमागे २२ हिट) अडकला होता आणि पुढच्याच वर्षी रुकी ऑफ द इयर (वर्षातील सर्वोत्तम नवोदित) ठरला. पहिल्या काही आठवड्यांतल्या अपयशावरून आधीचा निर्णय चुकीचा होता असे म्हणता येत नाही, हे मी त्या बैठकीत सांगितले, पण ते फारसे कोणाला पटले नाही.

माझे क्रिकेट शिवाजी पार्कवर झाले. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूला बॅट लावली की सर नेटमधून बाहेर काढत, आणि मुलगा किती मारतो यापेक्षा काय सोडतो यावर त्यांचे लक्ष असे. या फाइलवर काम करताना मला तीच नजर उपयोगी पडली. ताशी १५० किलोमीटरहून वेगाने आलेला चेंडू सुमारे ०.४ सेकंदांत बॅटरपुढच्या प्लेटवर पोहोचतो आणि मारायचे की सोडायचे, हे बॅटरला त्याच्या निम्म्या वेळात ठरवावे लागते. मेमध्ये आमचा मुलगा खाली, बाहेरच्या कडेपलीकडे सुटणाऱ्या स्लायडरवर सतत बॅट फिरवत होता. ट्रिपल-एमध्ये ते खपून गेले, कारण तो स्लायडर सलग तीनदा अचूक टाकणारे पिचर तेथे थोडे असतात आणि बाकीच्यांच्या चुकलेल्या चेंडूवर तो होम रन मारत असे. मेजर लीगमध्ये तीच उणीव दोन दिवसांत सगळ्यांना कळली असती. म्हणून माझे मत होते, 'अजून नाही'.

जूनमध्ये बॅटिंग कोचने त्याला मेजर लीगच्या पिचरांची फेक हुबेहूब टाकणाऱ्या यंत्रासमोर रोज उभे केले आणि पहिले काही दिवस बॅट फिरवायलाच मनाई केली. त्याने फक्त 'स्ट्राइक' (चौकटीत) किंवा 'बॉल' (चौकटीबाहेर) एवढेच मोठ्याने म्हणायचे होते. त्या काळात सामन्यांत त्याची सरासरी घसरली. मॅनेजरने फोनवर सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली: चार वेळा बाद झालेल्या रात्रीनंतरही मुलगा दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळीच सरावाला येतो, लवकरही नाही आणि उशिराही नाही. जुलैच्या मध्यापर्यंत तो ते स्लायडर सोडू लागला होता आणि पिचरला नाइलाजाने फास्टबॉलवर यावे लागत होते. डबल प्लेच्या (एकाच चेंडूवर दोघांना बाद करण्याच्या) वेळचे त्याचे पाय कोचांना आधीच पसंत होते. मी 'तयार' असे लिहिले.

त्याला बोलावण्यात आले ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. एक कारण रास्त होते. वर सेकंड बेसची जागा भरलेली होती आणि या वयाच्या खेळाडूला रोज खेळायला न मिळता बाकावर बसवणे हे त्याला खाली ठेवण्यापेक्षा वाईट असते. दुसरे कारण कॅलेंडरचे होते. मेजर लीगमध्ये ४५ दिवसांपेक्षा कमी काळ राहिला आणि १३० ॲट-बॅट ओलांडले नाहीत, तर खेळाडू पुढच्या वर्षीही रुकी गणला जातो, आणि अशा खेळाडूने रुकी ऑफ द इयर पुरस्कार जिंकल्यास संघाला ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळू शकते. मेजर लीगमधील सेवेचे एक वर्ष, ज्यावर खेळाडूचे पुढचे करार-हक्क ठरतात, १७२ दिवसांचे असते. २०१५ मध्ये शिकागो कब्ज संघाचा क्रिस ब्रायंट १७१ दिवसांवर राहिला, आणि संघाने मुद्दाम उशिरा बोलावल्याची त्याची तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. हे सर्व नियमांत बसते, हे मला मान्य आहे. तरीही खेळाची तयारी आणि कॅलेंडरची सोय या दोन गोष्टी एकाच मताखाली मांडल्या जाऊ नयेत, असे मी तेव्हा लेखी नोंदवले.

पहिल्या ॲट-बॅटमध्ये पिचरने त्याला दोन स्लायडर टाकले, त्याच जागी. त्याने दोन्ही सोडले आणि मग आतल्या फास्टबॉलवर तो स्ट्राइकआउट झाला. त्या रात्री मी फाइलमध्ये आतल्या फास्टबॉलसाठी नवे पान उघडले.