नागपूर ते चिखलदरा, ऑफिसच्याच गाडीवर

चिखलदऱ्याला बाइकवर जातो म्हटलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला: "कोणती गाडी?" उत्तर ऐकून बहुतेकांनी तोंड वाकडं केलं, कारण गाडी म्हणजे रोज ऑफिसला जाते तीच होंडा शाईन. १२५ सीसी, पुढे-मागे ड्रम ब्रेक, मागे मामेभाऊ आणि त्याची फुगलेली सॅक. एवढ्यावर घाट चढता येतो, उतरताही येतो. मोठं इंजिन नसल्यानं फार काही बिघडत नाही. बिघडतं ते ढिल्या चेनमुळे आणि झिजलेल्या ब्रेक शूमुळे, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांमुळे. सीताबर्डी ते हिंगणा अशा सपाट फेऱ्यांत या दोन्ही गोष्टी महिनोन्‌महिने खपून जातात, घाटात खपत नाहीत. म्हणून या वृत्तांतात पॉइंटपेक्षा पाना-पक्कड जास्त आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे टाकली. आदल्या दिवशी टाकू नका. काही बदललं तर शहरात दोन-तीन दिवस चालवून बघायला वेळ हवा. त्यानं चेनकव्हरचं रबरी बूच काढलं, भोकातून बोट घालून चेन वर उचलली आणि म्हणाला, "भाऊ, हे तर भलकशी ढिली होऊन राहिली न!" रोजच्या वापराच्या कम्युटर गाड्यांत चेनचा खेळ, म्हणजे ती वर-खाली जेवढी हलते ते अंतर, साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवतात; आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक हळूहळू फिरवत चार-पाच जागी बघायचं, कारण जुनी चेन एका जागी ताणलेली आणि दुसरीकडे लोंबती असते. तसं असेल तर सेट करण्यात अर्थ नाही, चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं (स्प्रॉकेट), असा पूर्ण सेटच बदलावा. आमची एकसारखी होती. मी म्हटलं, चांगली कसून द्या, तर तो हसला. "डबलसीट जाऊन राहिले न तुम्ही? मागं माणूस बसला का चेन आपोआप ताणते. आताच कसली तर वर बेअरिंग बोंबलतील."

यानंतरची गोष्ट गल्लीतले निम्मे मेकॅनिक विसरतात, तेव्हा ती स्वतः बघा. चेन कसायची म्हणजे मागचं चाक मागे सरकवायचं. चाक सरकलं की पेडलपासून मागच्या ड्रम ब्रेकपर्यंत जाणारा रॉड ताणला जातो आणि पेडलचा खेळ कमी होतो. ब्रेक शू ड्रमला किंचित घासत राहतो. शहरात एवढंच जाणवतं की गाडी जरा जड चालते. घाटात तोच ड्रम आधीच तापलेला असतो. त्यामुळे चेन सेट झाली की गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक हातानं फिरवा, मोकळं फिरतं का बघा, नाहीतर रॉडचा नट थोडा सैल करायला लावा. चाक मागे-पुढे सरकवणाऱ्या ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, तेही तेव्हाच बघा. नाहीतर चाक तिरपं बसतं.

ब्रेक शू किती उरलेत हे बघायला चाक उघडावं लागत नाही. ब्रेक पॅनेलवर एक छोटा बाण आणि एक खूण असते. पेडल पूर्ण दाबल्यावर बाण खुणेला टेकला, तर शू संपले. आमचे जवळ आले होते, बदलून टाकले. ऑइलची तारीख जवळ आली होती, तेही बदललं. हवेचा आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो आणि डबलसीटचा मागच्या चाकाचा आकडा वेगळा, एकट्यापेक्षा बराच जास्त असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

आता रस्ता. सरळ मार्ग अमरावतीवरून, कोंढाळी-तळेगाव-तिवसा करत. आम्ही जाताना काटोल, जलालखेडा, वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, परतवाडा असे गेलो. दोन्हीकडून अंतर सव्वादोनशेच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा विचारही नको, तिथं दुचाकीला बंदी आहे. काटोलची वाट मला आवडते ती संत्र्याच्या बागांसाठी आणि तिथं चौपदरीवरच्या ट्रकांचा जाच नसतो म्हणून. पण ती मोकळी वाट नव्हे. हंगामात लोक सोयाबीन नाहीतर तूर थेट डांबरावर पसरतात. दाण्यांवर ब्रेक लावला तर चाक सरकलंच म्हणून समजा. लांबून पिवळट पट्टा दिसला की आधीच वेग कमी करायचा आणि त्यावर गाडी सरळ, ब्रेक न लावता काढायची. कापसाच्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा क्वचितच असतो, बैलबंडीला तर नसतोच. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचलेलं बरं.

वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. थंडीत या पट्ट्यात सकाळी धुकं असतं आणि हेल्मेटची काच आतून धुरकट होते. काच बोटभर उघडी ठेवा, तोंड रुमालानं बांधू नका, वाफ वर जाते. हेल्मेट मागच्यालाही हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार ते सक्तीचं आहे आणि दंड १००० रुपये. मामेभावाचं म्हणणं, "दादा, जंगलात कोण पोलीस बघते?" त्याला म्हटलं, डांबर तर बघते न. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट त्याला घ्यायला लावलं. फुटपाथवरची टोपी नव्हे.

परतवाड्यात टाकी भरा, रोख पैसे काढा आणि घरी फोन करून घ्या. पुढं मोबाईलच्या रेंजचा भरवसा नाही. वर जायच्या दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. आम्ही पहिलीनं चढलो. डबलसीट शाईनला दुसरा-तिसरा गिअर पुरतो. इंजिन गुरगुरायला लागायच्या आत गिअर उतरवायचा, एवढंच सांभाळा. वळणावर एसटी आली तर ती आख्खं वळण घेणार, तिला पर्याय नसतो. हॉर्न द्या, डावी बाजू धरा, वळणाच्या तोंडाशी ओव्हरटेक तर सोडाच.

चिखलदऱ्याची उंची १,११८ मीटर आहे. खाली परतवाड्यात घामाघूम झालेला माणूस वर जॅकेटची चेन लावतो. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड सगळेच बघतात, त्यावर मी आणखी काय लिहू. गाविलगड मात्र निवांत बघा. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, आणि तटाखालच्या दऱ्या बघितल्या की तो घेणं किती अवघड होतं ते कळतं. इथं पिकणारी कॉफी चाखून बघा. वानरांमुळे सॅक गाडीवर अडकवून पॉइंटवर जायचं नाही. आमच्या शेजारच्या गाडीवरचा बिस्किटांचा पुडा आमच्या डोळ्यांदेखत झाडावर गेला.

खरी परीक्षा उतरताना असते. आम्ही घटांगच्या बाजूनं उतरलो. पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून, काही जण तर इंजिन बंद करून उतरतात. नागपुरात उड्डाणपुलावर ती सवय लागलेली असते. घाटात ती जीवावर बेतू शकते, कारण मग गाडी थोपवायला फक्त ब्रेक उरतो. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतार उतरा. ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनच गाडी ओढून धरतं. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. वळणाआधी जोरात लावा, सोडा, आणि वळणात गाडी मोकळी फिरू द्या. सतत घासला तर ड्रम तापतो, शूची पकड जाते, आणि पेडल नेहमीएवढंच दाबूनही गाडी पुढेच जाते. त्याआधी करपलेल्या रबरासारखा वास येतो. वास आला की रुंद जागा बघून थांबा, पंधरा-वीस मिनिटं ड्रम निवू द्या. त्यावर पाणी ओतू नका.

१ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कम्बाइंड ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. आमच्या गाडीला कम्बाइंड आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यावर विसंबून पुढचा ब्रेक हातानं लावायचं सोडू नका. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, थांबवण्याचं बरंचसं काम तेच करतं. फक्त साग-बांबूचा ओला पाला पडलेल्या जागी दोन्ही ब्रेक अलगद.

येताना अमरावतीवरून चौपदरी पकडली. छोट्या गाडीनं तिथं डावी बाजू सोडू नये. आम्ही साठ-पासष्टनं आलो. ट्रक बाजूनं गेला की वाऱ्याचा धक्का बसतो, हँडल घट्ट आवळू नका, गुडघ्यांनी टाकी धरा. संध्याकाळी नागपूरकडे येताना सूर्य आपल्या पाठीशी असतो, म्हणजे समोरून राँग साइडनं येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याच्या डोळ्यांत. त्याला आपण दिसत नाही असंच धरून चाला. २०१७ पासूनच्या गाड्यांचा दिवा आपोआप चालू असतो, त्याआधीची असेल तर दिवसाही लावा.

बरोबर ट्यूबलेसचं पंक्चर किट आणि हातपंप ठेवा. खिळा दिसला तरी दुकान येईपर्यंत उपटू नका, हवा हळू जाते. स्पोकची चाकं असतील तर जादा ट्यूब लागेल. परत आल्यावर गाडी धुतली की चेन पुसून लगेच तेल द्या. एअर फिल्टर उघडून बघा, रस्त्यांच्या कामांची धूळ त्यात भरपूर बसलेली असते.

कधी जावं? ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात धबधबे खरे, पण ऑगस्टातल्या सुट्यांना घाटात गाड्यांची रांग लागते आणि दाट धुक्यात पुढचं वळण दिसत नाही. जायचंच असेल तर मधल्या वारी जा. मे महिन्यात वर गारवा मिळेल, पण तिथं पोहोचायला ४५ अंशांतून जावं लागतं. मग पहाटे पाचलाच काटोल नाका सोडा, म्हणजे ऊन चढायच्या आत परतवाडा गाठता येईल.