आवाज बेताचा, तरी ऑपेराचा मुख्य नट: जॉर्ज ग्रोस्मिथ

लेखक-दिग्दर्शक गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन यांच्या विनोदी ऑपेरांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. जॉर्ज ग्रोस्मिथचा आवाज जर इतका साधा होता, तर जवळजवळ बारा वर्षं लंडनमध्ये त्यांच्या नव्या ऑपेरांतल्या प्रमुख विनोदी भूमिका त्याच्याकडेच कशा आल्या? आणि त्याच्या जोडीला दुसरा: ती भरधाव गाणी म्हणताना माणूस श्वास घेतो कधी? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पहिल्याचं उत्तर बरंचसं दुसऱ्यात दडलेलं आहे.

ग्रोस्मिथचा जन्म १८४७चा, लंडनचा. वडील पोलीस कोर्टाचे वार्ताहर. मुलगाही बो स्ट्रीटच्या कोर्टात बसून ‘टाइम्स’साठी बातम्या लिहायचा आणि संध्याकाळी पियानोशी बसून स्वतःच रचलेली विनोदी गाणी आणि नकला सादर करायचा. १८७७मध्ये ‘द सॉर्सरर’साठी त्याला विचारणा झाली तेव्हा त्यालाच शंका होती. या कामाला रुबाबदार देहाचा, भरदार आवाजाचा माणूस हवा, असं तो गिल्बर्टला म्हणाला. नेमका तसाच नको आहे, हे गिल्बर्टचं उत्तर. पगाराचं घोडं तीन गिनींवर (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी चलन) अडलं होतं. निर्माता डॉयली कार्टने त्याला झकास जेवू घातलं आणि कमी आकड्यावर राजी केलं. पुढे ग्रोस्मिथने हिशेब मांडला, तर ते एक जेवण त्याला सुमारे १,८०० पौंडांना पडलं होतं!

या ऑपेरांत मधले संवाद बोललेले असतात आणि भोवती गाणी. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला हा साचा परका वाटणार नाही. फरक एवढाच की इथे आलापीला जागा नाही, शब्द पोचणं महत्त्वाचं. ग्रोस्मिथचा हलका बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतला पुरुषी आवाज, त्याला पुरायचा, कारण त्याची उच्चारांवरची पकड विलक्षण होती. सलिव्हनने ते ओळखून ‘पॅटर’ गाण्यांची, म्हणजे भरभर शब्दांच्या त्या भरधाव गाण्यांची, घडणच तशी केली. चाल बहुतेक एकाच स्वराभोवती फिरते, मोठ्या उड्या जवळजवळ नाहीत. वाद्यवृंद हलक्या हाताने साथ करतो, म्हणजे गायकाला आवाज चढवून त्याच्यावर मात करावी लागत नाही.

‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मधलं मेजर जनरलचं गाणं घ्या. प्रत्येक ओळीत १६ अक्षरं. कडव्यात पहिल्यांदा आठ ओळी सलग येतात, म्हणजे १२८ अक्षरं. मग कोरस शेवटची ओळ उचलून घोळवतो आणि गायकाला पहिली खरी उसंत मिळते. त्यानंतर आणखी चार ओळी, पुन्हा कोरस. या आठ ओळींतच एक मेख आहे. ‘लॉट ओ’ न्यूज’शी जुळणारं यमक सापडत नाही, असं सोंग करत जनरल अडखळतो आणि मग ‘हायपोटेन्यूज’ (कर्ण) काढतो. प्रेक्षक हसतात आणि तेवढ्यात तो छाती भरून घेतो. हा विराम रंगभूमीवर परंपरेने चालत आलाय. पण नवखे गायक तो घाईत उरकतात आणि पुढच्या ओळीत मरतात.

तयारीची रीत अशी. आधी चाल पूर्ण विसरायची आणि मेट्रोनोमवर (लयीचे ठोके देणाऱ्या यंत्रावर) नुसते शब्द बोलायचे, अगदी संथ. प्रत्येक शब्दाचं शेवटचं व्यंजन ऐकू आलं पाहिजे. ते झालं की तोच मजकूर कुजबुजत म्हणायचा. कुजबुजीत सुराचा आधार नसतो, त्यामुळे गिळलेलं अक्षर लगेच उघडं पडतं. मग संहितेवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा करायच्या आणि त्या रोज त्याच ठेवायच्या. सूर सगळ्यात शेवटी. लय एकेक पायरीच चढवायची. वरच्या लयीत एक जरी अक्षर गेलं तरी एक पायरी खाली.

बिघडतं कुठे, तर बहुधा श्वासातच. लांब ओळ आहे म्हणून फुप्फुसं काठोकाठ भरली की छाती आणि गळा आवळतात. वापरलेली हवा आत साठून राहते आणि छातीत हवा असूनही गुदमरल्यासारखं होतं. छोटे, वारंवार घोट बरे. दुसरं, याद्यांची गाणी डोक्यात उलटसुलट होतात. शब्द निसटला तर शोधायला मागे जायचं नाही. ताल सोडायचा नाही, काहीतरी पुटपुटायचं आणि पुढच्या ओळीच्या पहिल्या शब्दावर उडी घ्यायची. म्हणून ओळींचे पहिले शब्द वेगळे पाठ करून ठेवावेत.

मराठी तोंडाला आणखी एक अडचण येते. आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजी ओळीतल्या १६ अक्षरांपैकी आघात आठांवर, आणि त्यातल्याही काहींवर नुसता स्पर्श. सोळाही अक्षरं ठासून म्हटली तर चौथ्या ओळीपर्यंत वाद्यवृंद पुढे निघून गेलेला असतो. शिवाय आपला ‘ट’ जीभ मागे वळवून म्हणतात. इथे तो दातांमागच्या हिरडीवर टोकानेच टेकवावा, वेळ वाचतो.

‘आयोलँथी’तलं लॉर्ड चॅन्सेलरचं दुःस्वप्नाचं गाणं मात्र मला सगळ्यात अवघड वाटतं. मधे कोरस नाही, म्हणजे विश्रांती नाही, आणि शेवटी शरीराच्या एकेका अवयवाची तक्रार करत शब्द धबाधबा कोसळतात.

हे सगळं करताना हालचालही मोकळी नव्हती. गिल्बर्ट घरी रंगमंचाची छोटी प्रतिकृती मांडून लाकडी ठोकळ्यांनी एकेकाची जागा ठरवायचा. पुरुषांचे ठोकळे तीन इंचांचे, बायकांचे अडीच. तालमीत ग्रोस्मिथने धक्का लागताच कोलांटी घेतली. गिल्बर्टने हरकत घेतली, तर ‘पण हशा मिळतो’ असं याचं म्हणणं. ‘पोर्क पाय’वर (मांस भरलेल्या पेस्ट्रीवर) बसलास तरी मिळेल, असं गिल्बर्टने सुनावलं.

या सगळ्याची किंमत त्याच्या नसांनी मोजली. १४ मार्च १८८५ला ‘मिकाडो’च्या पहिल्या प्रयोगात तो इतका घाबरला होता की त्याने खेळ बुडवायचाच बाकी ठेवला, अशी नोंद सलिव्हनच्या डायरीत आहे. पुढे त्या ऑपेराचे ६७२ प्रयोग झाले ही गोष्ट वेगळी. १८८७च्या जानेवारीत ‘रुडिगोर’ सुरू झालं आणि आठवड्याभरातच तो आजारी पडला. जागेवर उभा राहिला बावीस वर्षांचा हेन्री लिटन, जो पुढे याच भूमिकांवर १९३०मध्ये ‘सर’ झाला. ग्रोस्मिथने १८८९मध्ये कंपनी सोडली, पियानो घेऊन एकट्याने इंग्लंड-अमेरिकेत कार्यक्रम केले आणि ऑपेरातल्यापेक्षा कितीतरी जास्त कमावलं. १९१२मध्ये फोकस्टोनला तो वारला.

स्वतः म्हणून बघायचं असेल तर ‘मिकाडो’तल्या को-को या पात्राच्या यादीच्या गाण्याने सुरुवात करा. लय मध्यम आहे, कोरस वारंवार सावरून घेतो आणि यादीतली नावं काळाप्रमाणे बदलायची प्रथाच आहे. जनरलला त्यानंतर हात घाला. दुःस्वप्न मात्र बारा ओळी एका लयीत, न गिळता म्हणता येईपर्यंत उघडू नका.