घोट्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन : माझा अनुभव

एक्स-रेत हाड मोडलेलं दिसलं नाही, तेव्हा घरच्यांनी आणि गावच्या डॉक्टरांनीही 'मुका मार आहे, बसेल हळूहळू' असंच धरलं. खानापूर तालुक्यात आमची भातशेती. रोप लावताना बांधावरून घसरून माझा घोटा मुरगळला होता. सूज उतरली, पण सुगी संपली तरी आतला ठणका जाईना. उतारावर पाय टाकला की सांध्यात काहीतरी अडकायचं. शेवटी बेळगावच्या हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला आणि कळलं, घोट्यातल्या हाडावरच्या कूर्चेचा, म्हणजे सांध्यातल्या गुळगुळीत आवरणाचा, तुकडा सैल झालाय. कूर्चा साध्या एक्स-रेत दिसत नाही.

डॉक्टर अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायचे, पण समजावलं फार छान. कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, म्हणून ती सहसा आपोआप भरून येत नाही. घोट्याच्या पुढच्या बाजूला जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरच्या दोन चिरा घ्यायच्या. एकीतून दुर्बीण, दुसरीतून हत्यारं. सलाईन सोडून सांधा फुगवायचा, सैल तुकडा काढायचा आणि खालच्या हाडाला बारीक छिद्रं पाडायची. त्यातून येणारं रक्त गोठतं आणि तिथं नवं आवरण धरतं. ते मूळच्या कूर्चेच्या तोडीचं नसतं, हेही त्यांनी आधीच सांगितलं. जखम साधारण दीड सेंटीमीटरच्या आत असली तर गुण चांगला येतो. माझी त्यात बसत होती.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होतं. मला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. सिस्टरनी ओळन् ओळ मराठीत सांगितली, मगच मी सही केली. तुम्हीही तसंच करा, कितीही घाई असली तरी.

कमरेत इंजेक्शन द्यायच्या आधी डॉक्टरांनी माझ्या पायाचं चौथं बोट खाली दाबून धरलं. कातडीखालची एक नस ताणून वर दिसू लागली, तिच्यावर त्यांनी पेनानं रेघ ओढली. ती दुखावली तर पायाचा वरचा भाग बधिर होतो, म्हणून चीर तिला टाळून घ्यायची. ते बघून माझी निम्मी भीती गेली.

ऑपरेशन लवकर उरकलं. कठीण होतं ते पुढचं. सहा आठवडे त्या पायावर अजिबात भार द्यायचा नाही, नाहीतर कोवळं आवरण चिरडतं. आमच्या घराला उंच उंबरा आणि संडास परड्यात. दादानं उंबऱ्याला फळीचा उतार केला, भोकाची खुर्ची आणली. वहिनीनं सारवणाची ओल वाळल्याशिवाय मला वॉकर घेऊन उठू दिलं नाही. टाके निघाल्यावर घोटा वर-खाली हलवायचा व्यायाम सुरू झाला, तोही भार न देता. सांधा हलता राहिला तरच कूर्चेला पोषण मिळतं. पोटरी अचानक सुजली किंवा दुखली तर तडक दवाखान्यात या, असंही बजावलं होतं, कारण रक्ताची गाठ होऊ शकते.

आता उतारावर घोटा अडकत नाही. संध्याकाळी थोडी सूज येते, ती काही महिने राहील म्हणतात. एका पायावर तोल सांभाळायचा व्यायाम चालूच आहे, कट्ट्याला धरून.